सांगितले म्हणजे सुटलो काय?

मोशेच्या नियमशास्त्रात खड्ड्याविषयी एक लहानसा नियम आहे. कोणी खड्डा खणला, अथवा असलेल्या खड्ड्यावरचे झाकण काढून तसेच ठेवले, आणि शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई करावी असे तो नियम सांगतो (निर्गम २१:३३-३४). त्याच अध्यायात मारक्या बैलाविषयीही सांगितले आहे. बैल पूर्वीपासून मारका नसेल तर मालक निर्दोष ठरतो. परंतु बैलाची खोड मालकाच्या कानावर घातलेली असूनही त्याने त्याला आवरले नाही, तर दोष मालकाचा, आणि तो साधासुधा नव्हे (२१:२८-२९). अनुवादाच्या पुस्तकात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे (२२:८). शब्बाथशाळेत हे अध्याय आपण बहुधा भराभर ओलांडतो. गोष्ट नाही, चमत्कार नाही, पाठ करण्याजोगे वचन नाही. मुलांना काय सांगावे, असे शिक्षकांना वाटते.

तथापि या तीन नियमांत एक मोठा नैतिक विचार दडलेला आहे. ज्याला धोका ठाऊक आहे, त्याच्यावर इतरांच्या जिवाची जोखीम येते. ठाऊक असणे ही नुसती माहिती नव्हे, ते एक ओझे आहे. आता प्रश्न असा की हे ओझे उतरते केव्हा? खड्ड्याच्या काठी 'येथे खड्डा आहे' अशी पाटी लावली की मालक मोकळा होतो काय? रात्री येणाऱ्याचे काय? ज्याला वाचता येत नाही त्याचे काय? नियमशास्त्र पाटीविषयी काहीच बोलत नाही. ते झाकणाविषयी बोलते, दाव्याविषयी बोलते, कठड्याविषयी बोलते. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

आजच्या काळातले खड्डे जमिनीत नाहीत. ते बाटलीत आहेत, डब्यात आहेत, पिंपात आहेत, आणि हमरस्त्यावरून धावणाऱ्या टँकरमध्ये आहेत. शेतावर फवारायची कीटकनाशके, कारखान्यातली आम्ले आणि वायू, घरातले अ‍ॅसिड, फिनेल, रॉकेल, उंदीर मारायचे औषध: यांच्यावाचून आपले चालत नाही, आणि यांच्यापासून जिवाला धोकाही आहे. म्हणून जगातल्या सरकारांनी दोन कामे अंगावर घेतली. एक, घातक द्रव्यांची प्रतवारी लावणे. आणि दुसरे, त्या प्रतवारीप्रमाणे डब्यावर खूण करणे. ही दोन्ही कामे रसायनशास्त्रज्ञांची व सरकारी खात्यांची आहेत, त्यांच्याशी मंडळीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु शेजाऱ्याच्या जिवाचा प्रश्न जेथे येतो तेथे मंडळीचा संबंध येतोच.

प्रथम प्रतवारी कशी लावतात हे पाहू. मीठसुद्धा अतिरेकाने घातक ठरते. तेव्हा 'हे विष' आणि 'हे विष नव्हे' अशी दोनच खणांत वाटणी करून भागत नाही. किती मात्रेने जीव जातो हे मोजावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत उंदरांसारख्या प्राण्यांना ते द्रव्य देतात आणि ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम, अशी लिहून ठेवतात. आकडा जितका लहान तितके विष जहाल. आपल्या देशात १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला व १९७१ साली त्याचे नियम आले. त्या नियमांनी चार पायऱ्या ठरविल्या. पोटात गेल्यास १ ते ५० मिलिग्रॅमपर्यंत मारक असलेले ते अत्यंत विषारी, ५१ ते ५०० पर्यंतचे ते अति विषारी, ५०१ ते ५००० पर्यंतचे ते मध्यम विषारी, आणि त्यापलीकडचे ते सौम्य विषारी. डब्यावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापायचा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात अनुक्रमे लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग भरायचा आणि वरच्या अर्ध्या भागात इशारा लिहायचा. लाल रंगाच्या वर कवटी आणि हाडांचे चित्र व 'विष' हा शब्द असतो. पिवळ्यावर 'विष' हा शब्द असतो, निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान' अशा अर्थाचा शब्द असतो.

हा कायदा होण्यामागे दुःखाचा इतिहास आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळले गेले. पीठ व ते औषध जहाजातून एकत्रच आणले होते. शंभराहून अधिक माणसे मेली. ज्यांनी भाकरी खाल्ली त्यांचा त्या औषधाशी काहीही संबंध नव्हता. त्यांनी ते विकत घेतले नव्हते, वापरले नव्हते, त्याचे नावही ऐकले नव्हते. घातक वस्तू कोणत्या वस्तूशेजारी ठेवावी, कशात भरावी, तिच्यावर काय लिहावे, याला कडक नियम हवेत ही जाणीव त्यातून देशाला झाली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्रतवारीच्या रेघा माणसांनी मारलेल्या आहेत. पन्नास मिलिग्रॅमला लाल आणि एक्कावन्नला पिवळा. पण सृष्टीत पन्नास आणि एक्कावन्न यांच्यामध्ये भिंत नाही. शिवाय वेगवेगळ्या देशांनी आपापल्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी मारल्या होत्या. एक उदाहरण या विषयाचे जाणकार नेहमी देत असत. किलोमागे २५७ मिलिग्रॅम एवढी मारक मात्रा असलेले एकच द्रव्य घ्या. अमेरिकेत त्याला विषारी म्हणत, युरोपात त्याला केवळ हानिकारक म्हणत, आणि त्या वेळच्या औद्योगिक रसायनांच्या नियमांप्रमाणे भारतात ते बिनविषारी ठरे. पिंप तेच, आतले द्रव्य तेच. सीमा ओलांडली की त्याचा धर्म बदले! पण कामगाराचे शरीर मात्र सगळ्या देशांत सारखेच आहे. हा गोंधळ मिटविण्यासाठी १९९२ साली रिओ येथील जागतिक परिषदेत सर्व देशांसाठी एकच पद्धत असावी असे ठरले, आणि २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. लाल किनारीच्या चौकोनात काळ्या रंगाची नऊ चित्रे: ज्वाला, फुटणारा बॉम्ब, हात व धातू खाणारे आम्ल, कवटी, मेलेला मासा आणि वठलेले झाड, इत्यादी. अक्षर न येणाऱ्यालाही अर्थ कळावा हा हेतू.

हेतू चांगला आहे. पण चित्र पाहिले म्हणजे अर्थ कळतोच काय? याचे उत्तर इराक देशाने फार मोठी किंमत देऊन जगाला दिले.

१९७१ साली इराकमध्ये दुष्काळाच्या मागोमाग बियाण्याची टंचाई पडली. सरकारने मेक्सिकोतून व इतरत्रहून गव्हाचे व जवाचे बियाणे मागविले. गहूच ७३ हजार टनांहून अधिक होता. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याच्या एका संयुगाचा हात दिलेला होता, आणि खाण्याच्या धान्यापासून ते वेगळे दिसावे म्हणून त्याला गुलाबी-तांबडा रंगही दिला होता. पोत्यांवर इशारा छापलेला होता. कवटी व हाडांचे चित्रही होते. म्हणजे कायद्याने जे जे करावयाचे ते ते केलेले होते.

पण शब्द स्पॅनिश आणि इंग्रजीत होते. वाचणारे अरबी व कुर्दी बोलणारे शेतकरी होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना कोणतीच लिपी येत नव्हती. कवटी म्हणजे मृत्यू, ही खूण त्यांच्या गावात कोणी कधी शिकविली नव्हती. बियाणे बसरा बंदरात उतरून गावोगाव पोचेपर्यंत पुष्कळ ठिकाणी पेरणी आटोपली होती. घरात धान्य नाही, आणि दारात फुकट आलेला टपोरा गहू! बायांनी तो धुतला. पाण्याबरोबर रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे वाटले. रंग गेला, पारा राहिला. काहींनी आधी कोंबड्यांना दाणे टाकून पाहिले. कोंबड्यांना काही झाले नाही, कारण हे विष लगेच दिसत नाही; खाल्ल्यापासून काही आठवड्यांनी हातापायांना मुंग्या येतात, मग चालताना तोल जातो, मग नजर जाते. घराघरांतून त्याच्या भाकरी झाल्या. सरकारी नोंदीप्रमाणे ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली ४५९ दगावली. जी रुग्णालयापर्यंत पोचलीच नाहीत ती या आकड्यांत नाहीत. त्याच देशात १९५६ व १९६० साली अशाच बियाण्याने माणसे दगावली होती. बैल मारका आहे हे पूर्वीच सांगितलेले होते!

आणखी एक गोष्ट सांगतात. काही ठिकाणी धान्य देताना 'हे विषारी आहे हे मला समजले' अशा अर्थाच्या कागदावर शेतकऱ्याची सही वा अंगठा घ्यावयाचा होता. तो सर्वत्र घेतला गेला नाही असेही सांगतात. घेतला असता तरी आम्ही विचारतो, त्या अंगठ्याने कोणाचे रक्षण झाले असते? खाणाऱ्याचे नव्हे, देणाऱ्याचे. येथेच आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. इशारा दोन हेतूंनी दिला जातो. एक, शेजारी वाचावा म्हणून. आणि दुसरा, उद्या आपल्यावर बोट येऊ नये म्हणून. दोन्ही इशारे कागदावर सारखेच दिसतात. परंतु पहिल्या हेतूने इशारा देणारा, समोरच्याला कळले की नाही हे पाहिल्यावाचून स्वस्थ बसत नाही. दुसऱ्या हेतूने देणारा, लिहिले की निजतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी आपणांस ठाऊक आहे. तलवार येताना पाहून त्याने रणशिंग फुंकले व लोकांनी कान दिला नाही, तर तो निर्दोष ठरतो. आणि त्याने फुंकलेच नाही, तर मेलेल्याचा जाब त्याला द्यावा लागतो. या अध्यायाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, 'पाहा, सांगितले की सुटलो. शास्त्रच तसे सांगते.' पण येथे रणशिंग आहे, चिठ्ठी नाही. रणशिंगाचा आवाज नगरातल्या लहानथोरांना, शिकल्या-अडाण्यांना, सर्वांना ऐकू जातो व त्याचा अर्थ सर्वांना आधीपासून ठाऊक असतो. आणि पौलाने करिंथकरांस लिहिताना नेमके हेच म्हटले आहे की रणशिंगाचा नाद ओळखता येईना, तर लढाईला कोण उठणार? आणि जिभेतून समजेल असे काही निघाले नाही तर बोलणे वाऱ्यावर जाते (१ करिंथ १४:८-९). तेव्हा पहारेकऱ्याची सुटका फुंकण्यात नाही. ऐकणाऱ्याला कळेल असे फुंकण्यात आहे.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना हे अधिक समजावून सांगायला नको. बेळगावकडे पाटी कानडीत, बडोद्यास गुजरातीत, हैदराबादेस तेलुगूत. आपण त्या भाषा शिकलो, म्हणून आपले अडत नाही. पण नुकताच आलेला मजूर, पाहुणी आलेली म्हातारी, यांना पाटीवरची अक्षरे म्हणजे नुसत्या रेघा. कीटकनाशकाच्या डब्यासोबतची माहिती हिंदी, इंग्रजी व त्या भागातल्या भाषेत असावी असे आपल्या देशाचे नियम सांगतात, हे योग्यच आहे. पण एवढ्याशा कागदावर तीन-चार भाषा दाटीवाटीने बसविल्या की तरुण डोळ्यांनाही भिंग घ्यावे लागते. कायदा पुरा होतो; माणूस अंधारातच राहतो.

याहून मोठी अडचण निराळी आहे. डब्यावरची खूण जो डबा हातात घेतो त्याला दिसते. पण शेतावर काय घडते? मालक तालुक्याच्या दुकानातून बाटली आणतो. दुसरा कोणी ती बादलीत ओतून पाणी घालतो. तिसऱ्याच्या पाठीवर पंप चढतो. या तिसऱ्याने ती बाटली पाहिलेलीही नसते. लाल रंग होता की हिरवा, हे त्याला कोण सांगणार? विष मात्र त्याच्याच अंगावर उडते. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाली. त्यांत शेतमजूरही पुष्कळ होते. त्यांच्यापर्यंत कोणती खूण पोचली होती?

आणि आपल्या भाषेने या विषांवर स्वतःची एक चिठ्ठी लावून ठेवली आहे, तिचाही विचार केला पाहिजे. आपण म्हणतो, 'पिकावर औषध मारले', 'ढेकणांचे औषध', 'उंदरांचे औषध'. ज्या शब्दाने आजारी लेकराला बरे करणारी वस्तू ओळखायची, त्याच शब्दाने आपण जीव घेणारी वस्तू ओळखतो. डब्यावर सरकारने 'विष' छापले, पण घरात त्याचे नाव 'औषध' असेच राहिले. छापलेल्या शब्दापेक्षा बोललेला शब्द बलवान असतो. लहान मूल डब्यावरचे वाचत नाही, आईने उच्चारलेले ऐकते.

तसेच हिरव्या रंगाचे. हिरवा म्हणजे चालते, हिरवा म्हणजे निर्धोक, असे आपल्याला रस्त्यावरच्या दिव्याने शिकविले आहे. पण डब्यावरचा हिरवा एवढेच सांगतो की एकदम पोटात गेल्यास हे द्रव्य वरच्या तिघांपेक्षा कमी मारक आहे. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय होईल, याविषयी तो रंग काही बोलत नाही. तेव्हा चिठ्ठी खोटी नसली तरी तिने मनात उठविलेली समजूत खोटी असू शकते. अशा वेळी सत्य बोलल्याचे पुण्य बोलणाऱ्याने घ्यावे काय? आम्हांस वाटते, ऐकणाऱ्याच्या मनात जे पोचते त्याचीही जबाबदारी काही अंशी बोलणाऱ्यावर आहे. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये (लेवीय १९:१४) याचा अर्थ, त्याला दिसत नाही हे ठाऊक असताना 'मी तर उघड्यावर ठेवले होते' असे म्हणू नये.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला असा की, मोठी माणसे काय तान्ही बाळे आहेत? वाचता येत नसेल तर विचारावे. प्रत्येकाची जोखीम दुसऱ्यानेच वाहिली तर माणूस जबाबदार कसा होणार? यात तथ्य आहे. प्रत्येकाने आपला भार वाहावा असे प्रेषितानेही सांगितले आहे. परंतु विचारण्यासाठी आधी संशय यावा लागतो. इराकमधल्या त्या बाईला संशय आला होता, म्हणून तर तिने गहू धुतला. तिने आपल्या ज्ञानाप्रमाणे होती ती सारी काळजी घेतली. जे ज्ञान तिच्याजवळ नव्हते ते ज्यांच्याजवळ होते, त्यांनी ते स्पॅनिश भाषेत पोत्यावर छापले होते. भार वाहावयाचा तो ज्याच्या खांद्यावर जेवढे ज्ञान तेवढा.

दुसरा आक्षेप असा की, इशारे फार झाले की कोणी वाचत नाही. प्रत्येक डब्यावर कवटी काढली तर कवटीची भीती उरणार नाही. हेही खरे. म्हणूनच प्रतवारी पाहिजे. लाल ते लाल आणि हिरवे ते हिरवे, हे प्रामाणिकपणे वेगळे ठेवणे हाच खऱ्या पहारेकऱ्याचा धर्म. जो रोज उठून रणशिंग फुंकतो तो खऱ्या लढाईच्या दिवशी निरुपयोगी ठरतो. परंतु व्यापाराला धक्का बसेल या भयाने लालाला पिवळे म्हणणे, हा त्याहून मोठा अपराध आहे.

मौनाचे काय होते हे आपल्या इंदूरच्या वाचकांना शेजारच्याच शहराने दाखविले. १९८४ सालच्या डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. सरकारी नोंदीप्रमाणे सुरुवातीलाच दोन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि पुढे ही संख्या कित्येक पटींनी वाढली. कारखान्याच्या भिंतीला लागून वस्त्या होत्या. आत काय साठविले आहे, ते सुटले तर काय करावे, हे त्या वस्त्यांना कोणी सांगितले नव्हते. तोंडावर ओला फडका धरावा एवढी साधी गोष्टही लोकांना ठाऊक नव्हती. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही हा वायू कोणता व त्यावर उपाय काय हे नीट कळले नाही. त्या घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला आणि १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. कारखानदाराने आसपासच्या रहिवाशांना धोक्याची व सावधगिरीची माहिती द्यावी हे त्या नियमांत घातले गेले. कठडा बांधला, पण पडणारे पडल्यावर.

येथवर आम्ही इशारा कसा असावा हे पाहिले. आता शेवटचा व सर्वांत कठीण प्रश्न. काही वस्तू अशा असतात की त्यांच्यावर कितीही चांगली खूण केली तरी माणसे मरणारच, हे आधीच कळते. तेथे खूण पुरे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली कीटकनाशकांची प्रतवारी प्रथम ठरविली. श्रीलंकेने त्या प्रतवारीचा उपयोग केवळ चिठ्ठ्या लावण्यासाठी केला नाही. सर्वांत जहाल वर्गातली उरलेली कीटकनाशके १९९५ साली व आणखी एक जहाल कीटकनाशक १९९८ साली त्या देशाने बंद केले. तेथे रागाच्या वा निराशेच्या भरात घरातले कीटकनाशक पिऊन जीव देणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. १९९५ पासून २००५ पर्यंत त्या देशातल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. त्या माणसांना 'विष' हा शब्द वाचता येत होता. किंबहुना वाचता येत होता म्हणूनच त्यांनी ती बाटली उचलली. चिठ्ठीने ते वाचले नसते. बाटली हाताशी नव्हती म्हणून वाचले. नियमशास्त्राने पाटी न मागता झाकण का मागितले, याचे उत्तर येथे मिळते.

दुसऱ्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात गिलगालच्या हंड्याची गोष्ट आहे, ती शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या दृष्टीने अवश्य सांगावी. दुष्काळ होता. एकाने रानातली अनोळखी फळे आणून हंड्यात चिरून टाकली. त्याच्या मनात वाईट नव्हते. त्याला ठाऊक नव्हते. खाणाऱ्यांपैकी ज्यांच्या लक्षात आले त्यांनी तत्काळ ओरड केली, सर्वांना समजेल अशा शब्दांत. पण अलीशा तेवढ्यावर थांबला नाही. 'आता तुम्हांला सांगितले आहे, खायचे तर खा' असे म्हणून तो उठून गेला नाही. त्याने हंडा खाण्याजोगा केला व भुकेल्यांना वाढावयास सांगितले. ओरडणे हे पहिले कर्तव्य, आणि हंडा निर्धोक करणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे माफ होत नाही.

आता आपल्या घराकडे वळू, कारण कायदे करणे आपल्या हाती नसले तरी कपाट आपल्या हाती आहे. अ‍ॅसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत, रॉकेल पाण्याच्या बाटलीत, उंदरांचे विष पुडीतून बशीत: हे आपल्याकडे घरोघर चालते. मूळ डब्यातून वस्तू दुसऱ्या भांड्यात ओतली की कारखान्याने लावलेली खूण मागे राहते, आणि त्या क्षणापासून खूण करण्याची जबाबदारी ओतणाऱ्यावर येते. तसेच विषाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरणे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पॅराथिऑनने जे केरळात १९५८ साली केले तेच पंचावन्न वर्षांनी पुन्हा घडले. अन्न आणि विष एकमेकांना भेटले, आणि जेवणारांना काहीच ठाऊक नव्हते.

म्हणून आम्ही वाचकांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. घरातली विषारी वस्तू मूळ डब्यातच ठेवावी आणि मुलांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवावी. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. तो कोणाला देऊ नये, मोलकरणीने मागितला तरी. आपल्या शेतावर कोणी पंप घेत असेल, तर डबा त्याच्या हाती द्यावा, त्यावरचे त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि काय समजले ते त्याच्याकडून ऐकून घ्यावे. हातमोजे व तोंडाला बांधायचे फडके मजुरीतून कापू नये. शब्बाथशाळेत चारही रंगांचा चौकोन फळ्यावर काढून दाखवावा. कवटीचा अर्थ मुलांना शिकवावा, कारण शिकविल्यावाचून तो कोणालाच कळत नाही. मुले घरी जाऊन आजीला सांगतील. आणि निदान आपल्या घरापुरते तरी विषाला 'औषध' म्हणणे सोडून द्यावे.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. उपासनेत त्यांच्यावर संदेश होत नाही, आणि त्या केल्या म्हणून कोणी टाळ्या वाजवीत नाही. जो अपघात टळला तो कोणाला दिसतच नाही. धाब्याच्या कठड्यामुळे कोण कोण पडावयाचे राहिले, याची नोंद कोणत्याही घरमालकाजवळ नसते. तरीही परमेश्वराने तो कठडा आज्ञा देऊन मागितला. तेव्हा शेजाऱ्याला सांगितले की नाही, एवढाच प्रश्न आपल्याला विचारला जाईल असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. त्याला कळले काय, हेही विचारले जाईल; आणि त्याच्या वाटेतला खड्डा आपल्याला झाकता येण्याजोगा असताना आपण नुसती पाटी का लावली, हेही.